नऊ दावी

"लावा हात," ठकूबाई म्हणाली.

पितळेच्या ताटलीत मूठभर भंडारा होता आणि त्यावर बेलाचं एक पान. ताटली बिरोबाच्या दगडापुढं ठेवलेली. आम्ही जांभळीच्या सावलीत उकिडवे बसलो होतो. ठकूबाई येडगे, तिचा दीर धाकलू, धनगरवाड्यावरची आणखी पाच-सहा माणसं, खालच्या कारळे गावचे सरपंच हिंदुराव निकम आणि मी. कारळ्याहून इथवर चढायला दोन तास लागले होते. खाली निवळी नदीचं पात्र दिसत होतं, पांढऱ्या गोट्यांनी भरलेलं. मार्च सुरू होता आणि नदी जानेवारीतच आटली होती.

हिंदुरावांनी हात पुढं केला आणि मधेच मागं घेतला.

"आरं द्येवा," ते म्हणाले. "इसरलोच हुतो बगा. मला सुतक हाय."

"कुनाचं?" धाकलूनं विचारलं.

"चुलतं वारलं माजं. वाठारचं तात्या. परवा दिशी." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सुतकाच्या हातानं भंडारा उचलला तर द्येवाला इटाळ. तुमीच सांगा, उचलू?"

उचला असं कुणी म्हणालं नाही. मी मात्र हळहळलो. "आबा, बोलला नाहीत ते! अशा वेळी तुम्हाला डोंगर चढायला लावला मी."

"कामाच्या म्होरं सुतक कुटं बगायचं, सर."

मला गहिवरून आलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि माणसं मला चटकन मोठी वाटायची.

"मग धा दिसांनी या," ठकूबाई म्हणाली. "सुतक फिटल्यावर. आमी काय पळून चाललोय?"

पण दहा दिवस माझ्याकडं नव्हते. कागद सोमवारी पुण्याला पोचायला हवे होते आणि हा शनिवार होता. मी ज्या संस्थेत कामाला होतो तिला निवळीच्या उगमाकडचे डोंगर पुन्हा हिरवे करायचे होते. माथ्यावर चर खणायचे, ओढ्यांत दगडी बांध घालायचे, झाडं लावायची, गवत वाढू द्यायचं. मग पावसाचं पाणी वाहून न जाता डोंगरात मुरतं आणि खालच्या विहिरींना उतरतं. यातलं काहीच खोटं नाही. आजही मला लांबलांबून हेच सांगायला बोलावतात. फक्त त्यासाठी तीन वर्षं माथ्यावर खूर पडता कामा नये, आणि माथ्यावर वाड्याच्या चाळीसेक म्हशी पिढ्यान् पिढ्या चरत होत्या. जमीन कागदावर गावाची आणि पायाखाली धनगरांची. जो जो तिथं जनावर चारतो त्याचा अंगठा घेतल्याशिवाय काम मंजूर होणार नव्हतं.

बोली अशी झाली होती. वाड्यानं तीन वर्षं माथा सोडायचा आणि म्हशी दाव्याला बांधायच्या. बदल्यात कारळ्यानं दर महिन्याला उंबऱ्यामागं दोन भारे वैरण द्यायची. तीन वर्षं झाली की माथ्यावरचं गवत कापायचा पहिला मान वाड्याचा. ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले होते, टाळ्याही वाजल्या होत्या. पण ठकूबाईला टाळ्यांचं कौतुक नव्हतं. तिला गावानं बेलभंडार उचलायला हवा होता.

"मीच उचलतो," मी म्हणालो.

ठकूबाईनं माझ्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. पन्नाशीची असेल. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. अकरा म्हशी एकटीनं सांभाळत होती आणि वाड्याच्या चार घरांत तिचा शब्द खाली पडत नव्हता.

"तुमचा द्येव कंचा, सर?"

आमच्या घरात देव्हारा नव्हता. वडील शाळामास्तर, सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन बुवाबाजीविरुद्ध भाषणं करणारे. मला त्याचा अभिमान होता आणि तो मी नेमका तिथंच मिरवायला काढला.

"माझा देव नाही, मावशी. पण शब्द म्हणजे शब्द."

"द्येव न्हाई?" ती धाकलूकडं वळली. "मग ह्येंनी मोडला तर ह्येंला धरायचं कुनी?"

सगळे हसले. मीही हसलो.

"वैनी, शिकल्याला मानूस हाय," धाकलू म्हणाला. "गावचा बी न्हाई. त्यो कशाला खोटं बोलंल?"

"त्येच म्हनते मी. गावचा न्हाई. उद्या कुटं सापडायचा?"

"ठकूबाई," हिंदुराव टोपी झटकत म्हणाले, "सरकारी कागूद सरांच्या हातात हाय. आमच्यापरीस त्येंचा सबुद वजनाचा. आमी काय, आडानी मानसं."

ठकूबाईनं भंडाऱ्यावरचं बेलाचं पान नीट केलं. मग ताटली माझ्यापुढं सरकवली. "म्हना. गाव वैरन दील."

"गाव वैरण देईल."

"गावानं न्हाई दिली तर मी आनून दीन."

हे बोलीत नव्हतं. पण हात भंडाऱ्यावर होता आणि सगळे माझ्याकडं बघत होते. "मी आणून देईन," मी म्हणालो.

"आन् न्हाई दिली तर..." ती अडली. शपथेत माणसाला स्वतःचं काहीतरी पणाला लावावं लागतं. "लगीन झालंय?"

"नाही."

"गुरंढोरं?"

"नाहीत."

"जमीन?"

"तीही नाही."

"आवं, मग तुमचं घ्यायचं तरी काय!" पुन्हा हशा झाला. ठकूबाई मात्र हसली नाही. तिनं खाली नदीकडं पाहिलं आणि म्हणाली, "न्हाई दिली तर मला घोटाला पानी ग्वाड लागायचं न्हाई. म्हना."

मी म्हणालो. चिमूटभर भंडारा उचलून कपाळाला लावला. माझ्या लेखी ती हळद होती. मग मी शाईचं पॅड काढलं आणि सात मिनिटांत सगळ्यांचे अंगठे घेतले.

उतरताना हिंदुराव गाणं गुणगुणत होते. घरात मयत झालेल्या माणसाच्या मानानं ते जरा जास्तच खुशीत होते, पण तेव्हा मला ते जाणवलं नाही. "सर," खिंडीत पाणी प्यायला थांबल्यावर ते म्हणाले, "तुमी हुतासा म्हून काम झालं." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

काम चांगलं झालं, हे कुणीही कबूल करील. चर खणले ते वाड्यानंच, कारळ्याच्या लोकांना रोज तेवढा चढ झेपत नव्हता. ठकूबाई स्वतः पहार घेऊन यायची. चरांच्या बांधावर आम्ही घायपात लावली, मुळं माती धरून ठेवतात म्हणून. पहिल्या वर्षी वैरणही आली. ट्रॉली खिंडीपर्यंत यायची आणि तिथून वाड्याच्या बायका भारे डोक्यावरून वर न्यायच्या. पहिलाच पावसाळा गेला आणि निवळी फेब्रुवारी संपेपर्यंत वाहिली. कारळ्यातली म्हातारी माणसं नदीवर जाऊन नुसती उभी राहायची. मी रडलो होतो त्या वर्षी, उगाच लपवत नाही.

मग विहिरींना पाणी आलं. पाण्यावर आल्याची शेती आली, आल्यापाठोपाठ जर्सी गाई आल्या, दुधाचं संकलन केंद्र आलं. गाई काही पाण्यावर जगत नाहीत. दिवाळीपर्यंत वैरणीची ट्रॉली अर्धी झाली, पुढं महिना चुकवून येऊ लागली आणि होळीनंतर बंदच झाली. वाड्यानं म्हशी बांधून ठेवल्या म्हणून गावात पाणी आलं आणि त्या पाण्यावर पोसलेल्या गाईंनी वाड्याच्या म्हशींची वैरण खाल्ली. यात कुणी एक माणूस दांडगाई करायला आला असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. पण सगळे आपापल्या दारात आपापलं जनावर जगवत होते.

मी हिंदुरावांकडं गेलो. त्यांच्या गोठ्यात पाच गाई होत्या.

"गावाला काय सांगू मी?" ते म्हणाले. "तुमच्या गाई उपाशी ठिवा आन् धनगराच्या म्हशी जगवा, आसं? सर, गाव करील ते राव काय करील?"

"ग्रामसभेत ठराव झालाय, आबा."

"ठरावाला काय, टाळ्या पडल्या की झाला ठराव."

मी संस्थेला कळवलं. संस्थेचं उत्तर आलं की स्थानिक पातळीवर मार्ग काढावा. स्थानिक पातळी म्हणजे मीच होतो. एका रविवारी मी दोन भारे मोटरसायकलला बांधून खिंडीपर्यंत नेले. दीड तास गेला, शर्ट फाटला, सायलेन्सरवर पोटरी भाजली. ठकूबाईनं भारे उतरवून घेतले आणि मला विचारलं, "झाला का तुमचा सबुद पुरा?"

चेष्टा होती की खरंच विचारत होती, मला कळलं नाही. मला राग मात्र आला. मी नोकरी करणारा माणूस, मी काय काय करायचं? पुन्हा मी भारा नेला नाही.

त्या उन्हाळ्यात तिच्या दोन म्हशी दावं तोडून माथ्यावर गेल्या. गावानं नेमलेल्या राखणदारानं त्या हाकत खाली आणल्या आणि कोंडवाड्यात घातल्या. तिथून सुटल्या त्या ठकूबाईनं घरी नेल्याच नाहीत, सरळ आठवड्याच्या बाजारात नेल्या. मग महिन्या-दोन महिन्यांनी एकेक जात राहिली. बाकीच्या तीन घरांनी तर पावसाळ्याआधीच सगळ्या काढल्या.

तिसरं वर्ष संपताना, एप्रिलात, पाहणी समिती आली. निवळी अजून वाहत होती. समितीनं चांगला अहवाल दिला तर आणखी सात गावांना काम मंजूर होणार होतं आणि कारळ्याला राज्यातलं पहिलं बक्षीस मिळायची चिन्हं होती. माझीही बढती त्यात होती. सात गावांचं नाव मी स्वतःशी बोलताना आधी घ्यायचो आणि बढतीचं नंतर.

शाळेपुढं मांडव घातला होता. समितीत तिघं होते. अध्यक्ष दिल्लीच्या एक बाई होत्या, मोठ्या अभ्यासू आणि मनानं मऊ. त्यांना हिंदी येत होतं, मराठी अजिबात नाही. दुसरे गृहस्थ दक्षिणेकडचे, त्यांना हिंदीही येत नव्हतं, म्हणून समितीशी बोलणं इंग्रजीत. तिसरे पुण्याचे एक अधिकारी, आपल्यातलेच. सकाळी ते चर बघून आले, नदीत पाय बुडवून आले. मग मांडवात सत्कार सुरू झाले. दिल्लीच्या बाईंना नारळ द्यायला हिंदुरावांनी एका म्हाताऱ्याला हाताला धरून पुढं आणलं. पांढरंशुभ्र धोतर, गुलाबी फेटा, ताठ कणा.

"ह्ये आमचं चुलतं," हिंदुराव माइकवरून म्हणाले. "वाठारचं तात्या. नव्वदीला आल्यात, पर खास पाव्हन्यांसाटी आल्यात."

म्हाताऱ्यानं नारळ दिला. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवता वाजवता थांबलो.

चहाच्या वेळी मी हिंदुरावांना मांडवामागं गाठलं. "आबा, तुम्हाला चुलते किती?"

"एकच की. का?"

"ते वारले होते. तीन वर्षांपूर्वी. तुम्हाला सुतक होतं."

आधी त्यांना आठवेना. मग आठवलं आणि ते हसले. त्या हसण्यात लबाडी नव्हती, चोरी पकडल्याची लाजही नव्हती. माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"सर, भंडारा कुनी बी उचलतंय व्हय? मला तीन पोरं हैत, नातू हाय. गाव वैरन द्यायचं न्हाई, ह्ये मला तवाच ठावं हुतं. मी जन्मल्यापासनं बगतोय ह्या गावाला. मग मी कशाला द्येवाच्या म्होरं खोटं बोलू?"

"आणि मी?"

"तुमाला कुटं काय हुतंय?" ते अगदी मायेनं म्हणाले. "तुमी तर मानत बी न्हाई."

 त्या माणसानं देवाशी खोटं बोलायचं टाळलं होतं आणि त्यासाठी जिवंत चुलता मारला होता. देव मानणाऱ्यानं हात मागं घेतला आणि न मानणाऱ्यानं छाती पुढं काढून हात घातला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात. मी तर ठकूबाईच्या म्हशींच्या जिवावर उदार झालो होतो. तिनं त्याच दिवशी विचारलं होतं, ह्याला धरायचं कुणी, आणि मी हसलो होतो.

पण वेळ गेली नव्हती. समिती अजून मांडवात बसली होती, बाई वहीत लिहीत होत्या. मी ठरवलं की जाऊन सांगायचं. बाई, काम चांगलं झालं पण एक अन्याय झालाय. गावाला अट घाला, वैरण सुरू केल्याशिवाय बक्षीस देऊ नका. एवढी चार वाक्यं. इंग्रजीत जुळवत मी मांडवात शिरलो, तर समोरून ठकूबाई येत होती.

तिला कुणी बोलावलं नव्हतं. सोबत धाकलू होता, पण तो मांडवाच्या कडेलाच थांबला. ती सरळ पुढं आली, सतरंजीवर समितीच्या पायाशी बसली आणि खांद्यावरचं ओझं खाली ठेवलं. दावी होती, म्हशी बांधायची. घायपातीच्या वाखाची, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. तिनं ती एकेक करून बाईंच्या पुढं मांडली. नऊ.

"अकरा म्हशी हुत्या माज्या," ती म्हणाली. "दोन ऱ्हायल्या. ही बाकीच्यांची दावी हैत. ह्या सरांनी भंडारा उचलला हुता. गाव वैरन दील म्हनले, न्हाई दिली तर मी दीन म्हनले. आमी माथा सोडला. चर बी आमीच खनलं. पानी खाली आलं, आमच्या म्हशी गेल्या. तुमी मोटी मानसं हैसा. आता गवत तरी कापू द्या म्हनावं, दोन तरी जगत्याल."

माथ्यावर गवत कमरेएवढं झालं होतं. गेल्याच आठवड्यात ग्रामसभेनं ते उंबऱ्यावारी वाटून घ्यायचं ठरवलं होतं. एकशे ऐंशी उंबरे गावाचे आणि चार वाड्याचे.

 हिंदुराव खांबाला टेकून उभे होते. पुण्याच्या अधिकाऱ्यांना सगळं समजलं होतं; ते चहाच्या कपात बघत राहिले. दिल्लीच्या बाईंनी एक दावं उचललं, बोटांनी चाचपलं आणि माझ्याकडं वळून विचारलं की त्या काय म्हणताहेत.

माझी चार वाक्यं तयार होती. मी तोंड उघडलं. त्या क्षणी मला सात गावं दिसली असं मी पुढं कित्येक वर्षं सांगत आलो, बायकोलाही तेच सांगितलं. मला गावं दिसली नाहीत. भंडारा उचलणारा मी, वर वैरण पोचली नाही हे ठाऊक असून प्रत्येक तिमाहीला "लोकसहभागातून चाऱ्याची व्यवस्था" असं लिहून पाठवणारा मी, हे सगळं बाईंना कळणार एवढंच मला दिसलं.

"त्या म्हणतात," मी इंग्रजीत म्हणालो, "की ही घायपात आपण चरांच्या बांधावर लावली होती. तिच्या वाखापासून वाड्यावरच्या बायकांनी हे दोर वळले आहेत. पाहुण्यांसाठी भेट म्हणून आणलेत. नदी आली म्हणून त्यांना आनंद झालाय."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते दावं दोन्ही हातांत धरून डोळ्यांना लावलं आणि ठकूबाईला वाकून नमस्कार केला. इतकी मोठी बाई आपल्यापुढं वाकली हे बघून ठकूबाई गडबडली. तिनं बाईंच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"आईकलं गं बया तू," ती म्हणाली. "आईकलंस."

ते दावं बाईंनी पिशवीत ठेवलं. दिल्लीला आपल्या टेबलावर ठेवीन म्हणाल्या. उरलेली आठ हिंदुरावांनी गोळा करून मांडवाच्या खांबांना टांगली आणि फोटोत ती झकास दिसली. जाताना पुण्याचे अधिकारी माझ्याजवळ थांबले. मला वाटलं, काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "प्रसंगावधान आहे तुम्हाला," आणि जीपमध्ये बसले.

कारळ्याला पहिलं बक्षीस मिळालं. सात गावं मंजूर झाली, मला बढती मिळाली आणि माझं ठिकाण बदललं. सातांपैकी पाच गावांत काम खरोखर चांगलं झालं. तेही खोटं नाही.

दोन वर्षांनी एका बैठकीला जाताना कारळ्यावरून जीप चालली होती. मे महिना. नदीला पाणी होतं, दोन्ही काठ हिरवेगार. रस्त्याकडेच्या आल्याच्या शेतात बायका नव्या लागणीसाठी वाफे नीट करत होत्या. त्यात ठकूबाई होती. मी जीप थांबवायला नको होती. पण तिनं मला पाहिलं होतं.

शेत हिंदुरावांचं होतं. ती बांधावर आली. वाळली होती, पण आवाज तोच. वाड्यावर आता कुणी राहत नाही म्हणाली. धाकलू मुंबईला पोराकडं गेला. शेवटची म्हैस गाभण होती, ती विकताना वाईट वाटलं म्हणाली. ती स्वतः आता कारळ्यातच, शाळेमागच्या एका खोलीत राहत होती.

"सर," ती म्हणाली, "त्या दिल्लीच्या बाईचं काय कळालं का?"

मी उगाच जीपकडं पाहिलं.

"तुमी तवा समदं नीट सांगितलंसा म्हून तर तिनं दावं डोळ्याला लावलं. आमी मग वाट बगितली लई दिस. धाकलू म्हनायचा, दिल्ली लांब हाय, टाइम लागतुया."

तिथं कुणी नव्हतं. समिती नव्हती, हिंदुराव नव्हते, अहवाल नव्हता. खरं सांगून माझं काहीच बिघडणार नव्हतं. दोन वर्षांपूर्वी भीती तरी होती, आता तीही नव्हती.

"अजून काही कळलं नाही, मावशी," मी म्हणालो. "कळवतील."

"हुईल. बाई मायाळू हुती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "उनाचं आलासा. पानी देते."

तिनं बांधावरच्या चरवीतून तांब्या भरून आणला. तांब्या हातात घेतला आणि मला जांभळीची सावली आठवली, ती पितळेची ताटली आठवली. मी तिच्याकडं पाहिलं. तिच्या तोंडावरून तिला काय आठवत होतं ते कळत नव्हतं.

"प्या," ती म्हणाली. "वरचंच पानी हाय त्ये."

मी तांब्या तोंडाला लावला. घटाघटा प्यालो.

"ग्वाड हाय?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं पदर खोचला. मग "आसू द्या," म्हणाली, खुरपं उचललं आणि वाफ्यात वाकली.

पाणी खरंच गोड होतं. चरवीतून मी आणखी एक तांब्या भरून घेतला.